दिंडी दरवाजा

आमच्या शहरात पाहुणा आला, की पहिल्या चहाबरोबर आम्ही त्याला एक आकडा ऐकवतो. बावन्न! या शहराला बावन्न दरवाजे होते. मग आमची बोटे मोजणीला लागतात. उत्तरेला दिल्ली दरवाजा, पूर्वेला जालना दरवाजा, दक्षिणेला पैठण दरवाजा, पश्चिमेला मकाई दरवाजा. शिवाय रोशन, रंगीन, काळा, कटकट, बारापुल्ला... बोटे संपतात, दरवाजे संपत नाहीत. १६१० साली मलिक अंबरने खडकी नावाच्या खेड्याच्या जागी हे नगर वसवले आणि १६१२ साली भडकल दरवाजा उभा केला. १६८२ साली औरंगजेबाने शहराभोवती तट घातला, तो मराठ्यांच्या धास्तीने. खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद झाले, २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. दरवाजांनी मात्र आपापली नावे धरून ठेवली आहेत. गंमत अशी, की ज्या तटासाठी हे दरवाजे होते तो तट बहुतेक ठिकाणी केव्हाच नाहीसा झाला. दरवाजा उभा आहे आणि त्याच्या बगलेने रिक्षा, दुचाक्या, उसाच्या रसाची गाडी असे सगळे बिनदिक्कत शहरात शिरते आहे. पहारेकऱ्याला पेन्शन मिळाली असून त्याला ते कोणी कळवलेले नाही, असे हे दरवाजे पाहून मला नेहमी वाटते.

मोठ्या दरवाजाला एक लहान दरवाजा असतो, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला दिंडी म्हणतात. हत्ती, पालखी, लग्नाची वरात यांच्यासाठी सगळा दरवाजा उघडायचा. पण रात्री-अपरात्री घरचे माणूस आले, तर तेवढ्यासाठी ती लोखंडी खिळ्यांची अजस्र दारे कोण ढकलणार? मग दिंडी उघडायची. एका वेळी एकच माणूस, तोही मान वाकवून. आत पहारेकरी कंदील वर करून तोंड पाहणार, ओळख पटली तर 'या' म्हणणार. गुलमंडीच्या बाजूला आमचा जो जुना वाडा आहे, त्याच्याही दरवाजाला अशी दिंडी आहे. सासूबाई हयात असताना रात्री दिंडीची कडी वाजली, की त्या माजघरातूनच सांगत, "थोरला आला." धाकट्याची कडी वेगळी वाजे. माणूस न पाहता कडीवरून माणूस ओळखणारी अशी पहारेकरीण पुन्हा होणे नाही!

हे दिंडीपुराण लावण्याचे कारण असे, की या मे महिन्यात मला स्वतःला एका दरवाजाच्या देवडीवर बसावे लागले. तो दरवाजा दगडाचा नव्हता. संगणकाचा होता.

संगणक आणि मी यांचा संबंध सांगितला तर आपण हसाल. मॅट्रिकच्या पलीकडे माझी पायरी गेली नाही. दहावी होऊन बालवाडीचे शिक्षण घेतले आणि शिशुवर्गाची बाई झाले, ती आजतागायत. 'ग गवताचा' शिकवता शिकवता चार कादंबऱ्या लिहून झाल्या, त्या सगळ्या शाईच्या पेनाने. संगणक घरात आला तो २०२० साली, शाळा घराघरांत शिरल्या तेव्हा. वर्ग पुन्हा शाळेत गेले, संगणक राहिला. त्याच्यावर आता आमच्या चिरंजिवांचे राज्य आहे. वय बारा, इयत्ता सातवी. राज्य त्यांचे असले, तरी किल्ल्या माझ्याकडे आहेत. म्हणजे संगणकात मोठा बदल करायचा तर जो परवलीचा शब्द लागतो, तो फक्त मला ठाऊक आहे. परवलीचा शब्द! गडावरच्या पहारेकऱ्यांचा हा शब्द या यंत्राला कोणी दिला असेल, त्याला माझा नमस्कार.

तर चिरंजीव 'माइनक्राफ्ट' नावाचा एक खेळ खेळतात. स्वीडनमधल्या एका माणसाने तो २००९ साली जगापुढे ठेवला आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. चार कादंबऱ्यांच्या मालकिणीने तो आकडा ऐकून एक दीर्घ श्वास घेतला, एवढेच सांगते. खेळ म्हणजे काय, तर ठोकळे. मातीचे, दगडाचे, लाकडाचे. एकेक ठोकळा एकेक मीटरचा. ते खणायचे आणि रचायचे. पैसे लावायचे नाहीत, पैसे जिंकायचे नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पैशाच्या ऑनलाइन खेळांनी कितीतरी घरे धुऊन नेली आणि २०२५ साली संसदेने कायदा करून त्यांना बंदी घातली. 'खेळ' हा शब्द ऐकला, की हल्ली आईच्या पोटात गोळा येतो तो त्यामुळे. हा खेळ त्यातला नाही. हा शिशुवर्गातल्या ठोकळ्यांचाच मोठा भाऊ आहे.

आणि या ठोकळ्यांनी चिरंजीव काय रचत होते? देवगिरीचा किल्ला!

देवगिरी आमच्यापासून अर्ध्या तासावर. सहलीला मी तिथे इतक्या वेळा गेले आहे, की अंधारीत मला दिवा लागत नाही. चिरंजिवांनी तो डोंगर उभा केला होता, त्याचा तासून काढलेला कडा केला होता, साठ मीटरांहून उंच असलेला चाँदमिनार अर्ध्या प्रमाणात रचला होता. खंदक मात्र अर्धाच खणलेला होता. मी विचारले, "खंदक का रे थांबला?"

"खंदक दादाकडे आहे," चिरंजीव म्हणाले. "पण त्याला आत येता येत नाही."

'दादा' म्हणजे माझा पुतण्या. तो भिंतीपलीकडे राहतो.

येथे मला थोडे घरातले सांगावे लागेल. सासूबाई गेल्या आणि २०१९ साली आमच्या वाड्याची वाटणी झाली. वाटणीची हकीकत मी सांगत बसत नाही. प्रत्येक घरात ती निराळी असते आणि प्रत्येक घरात ती तीच असते. अंगणाच्या मधोमध नऊ इंची विटांची भिंत आली. आड मात्र भिंतीच्या वाटेतच होता. त्याच्यावरून भिंत नेता येईना, म्हणून गवंड्याने तिला तिथे वळसा दिला आणि आड थोरल्यांकडे गेला. भांडी मोजून वाटली. महालक्ष्म्यांचे मुखवटे तेवढे वाटता आले नाहीत. ज्येष्ठा एका घरी आणि कनिष्ठा दुसऱ्या घरी असे कसे करणार? ते दोन्ही थोरल्या घरी गेले. त्यानंतर भाऊ-भाऊ लग्नाकार्यात एकमेकांना नमस्कार करीत, पण आम्ही दोघी जावा-जावा मात्र बोललो नाही. भांडलोही नाही. भांडण झाले असते तर एक बरे होते. भांडणाला निदान दोन तोंडे लागतात.

मुले त्यावेळी पाच आणि सात वर्षांची होती. २०१८ च्या दिवाळीत दोघांनी मिळून अंगणात मातीचा किल्ला केला होता. शेवटचा. पुढच्या दिवाळीला जिथे किल्ला व्हायचा, नेमकी तिथेच भिंत उभी होती.

आता ही दोन मुले भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकच किल्ला बांधत होती, किंवा बांधू पाहत होती. आमच्या वायफायच्या लहरी नऊ इंची भिंतीतून पलीकडे जातात. लहरींना वाटणीपत्र वाचता येत नाही. पुतण्याचा लॅपटॉप त्या लहरींवर येई, त्याच्या पडद्यावर आमच्या चिरंजिवांच्या खेळाचे नाव दिसे, तो त्यावर टिचकी मारी, आणि मग बराच वेळ काही होत नसे. शेवटी यंत्र सांगे, वेळ संपली. नाव दिसते आहे, दार दिसते आहे, कडी वाजते आहे. आत कोणी दाद देत नाही!

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. शिशुवर्गात असताना तो डबा खाताना रडायचा. आता वाळूजच्या एका कारखान्यात तो संगणकांची व्यवस्था पाहतो. तो म्हणाला, "बाई, फायरवॉल असेल."

'फायरवॉल' म्हणजे अग्निभिंत. इमारतीच्या एका भागातली आग दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून बांधतात ती. संगणकवाल्यांनी हे नाव गेल्या शतकाच्या नवव्या दशकात उचलले. नाव भिंतीचे असले, तरी काम सगळे पहारेकऱ्याचे. त्याने मला जे समजावले, ते मी माझ्या शिशुवर्गाच्या पद्धतीने आपल्याला सांगते.

प्रत्येक संगणकाला दारे असतात. आमच्या शहराला बावन्न, संगणकाला ६५,५३६! प्रत्येक दाराला क्रमांक. ८० आणि ४४३ या दारांनी संकेतस्थळांची ये-जा, २५ या दाराने टपाल. ही दारे लाकडाची नसतात, नुसते आकडे असतात. पण ज्या दारामागे एखादा कार्यक्रम कान देऊन बसला असेल, त्या दाराने बाहेरचा माणूस त्याच्याशी बोलू शकतो. पहारेकरी नसेल तर कोणीही बोलू शकतो. २००३ च्या ऑगस्टात 'ब्लास्टर' नावाचा एक किडा १३५ क्रमांकाच्या दाराने जगभरच्या संगणकांत शिरला. कोणी काही उघडले नव्हते, कोणी काही वाचले नव्हते. संगणक चालू होता आणि जाळ्याला जोडलेला होता, एवढा अपराध पुरला. त्या काळच्या विंडोजमध्ये पहारेकरी होता, पण तो झोपवून ठेवलेला होता. २००४ साली त्याला जागे केले आणि तेव्हापासून तो पहिल्या दिवसापासून जागाच येतो.

या पहारेकऱ्याची रीत मला फार आवडली. बाहेर जाणाऱ्याला तो सहसा अडवत नाही. आपण बाहेर जाऊन कोणाला हाक मारली, तर 'ओ' देणाऱ्यालाही अडवत नाही. ही हाक आपल्याच घरातून गेली होती, हे तो लक्षात ठेवतो. पण न बोलावता कोणी आले, की तो आडवा होतो. हे ऐकून मी फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ गप्प राहिले. "बाई, ऐकताय ना?" असे त्याने विचारले.

"मग आमच्या दाराशी काय झाले?" मी विचारले.

तो म्हणाला, "खेळ पहिल्यांदा चालू झाला तेव्हा एक पेटी आली असेल पडद्यावर. आत येऊ द्यायचे का, असे विचारणारी. तिच्यावर कोणीतरी रद्द दाबले असेल."

चौकशी केली. ते आमच्याकडच्यांनी दाबले होते. ह्यांना बँकेच्या फसवणुकीच्या सूचना रोज मोबाइलवर येतात. अनोळखी नाव दिसले की नाही म्हणावे, हा त्यांचा नियम आहे, आणि आजच्या काळात तो वाईट नाही. "काहीतरी भलतेच नाव होते," हे म्हणाले. "जावा का काहीतरी."

जावा!

मी हसावे की काय करावे ते कळेना. आपले जुने लोक ज्याला यवद्वीप म्हणत, ते जावा बेट; तिथल्या कॉफीवरून संगणकाच्या एका भाषेचे नाव पडले आणि १९९५ साली ती भाषा जगापुढे आली. मुलांचा खेळ त्या भाषेत लिहिलेला आहे, म्हणून पहारेकऱ्याला पाहुण्याचे नाव 'जावा' असे दिसते. बेट, कॉफी, भाषा, सगळे मान्य. पण मराठी घरातल्या बाईला पडद्यावर एक चौकोन येऊन विचारतो, की जावा आत येऊ इच्छिते, येऊ देऊ का? आणि तेही भिंतीपलीकडची जाऊ जिला आहे अशा बाईला! कादंबरीत मी असा योगायोग घातला असता, तर संपादकांनी तांबड्या शाईने काढून टाकला असता.

माझा विद्यार्थी पुढे जे बोलला, ते आपणही लक्षात ठेवावे. एकदा रद्द दाबले, की यंत्र पुन्हा विचारत नाही. पेटी पुन्हा येत नाही. पहारेकरी आपल्या वहीत तांबड्या खुणेने लिहून ठेवतो: जावा, मज्जाव. एकदा नव्हे, दोनदा, कारण निरोप नेण्याच्या दोन रीती आहेत आणि दोघींची नोंद वेगळी. मग आपण खाली हिरव्या खुणेने दहा वेळा 'येऊ द्या' लिहा. जोवर वरचा मज्जाव खोडलेला नाही, तोवर पहारेकरी त्या हिरव्या खुणांकडे ढुंकूनही पाहत नाही. जुना नकार शोधून काढायचा, तो पुसायचा, मग होकार लिहायचा. हा क्रम चुकवून चालत नाही.

"पुष्कळ मुले काय करतात," तो म्हणाला, "कंटाळून सगळी फायरवॉलच बंद करून टाकतात. तसे करू नका बाई. एका माणसासाठी तट पाडू नये."

"दिंडी उघडावी," मी म्हटले.

"दिंडी म्हणजे?" त्याने विचारले. नव्या पेठेत वाढलेला मुलगा!

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. पहारेकरी कोण आला ते पाहतो, पोत्यात काय आहे ते पाहत नाही. खेळात भर घालणाऱ्या फुकटच्या वस्तू मुले कुठूनही उतरवून घेतात, आणि त्यांच्या पोटात नको ते असते. ते आपण स्वतःच दारातून आत नेलेले असते. मला देवगिरीचीच गोष्ट आठवली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. किल्ला असा, की कडा चढता येऊ नये, खंदक ओलांडता येऊ नये. रामदेवरायाच्या माणसांनी घाईघाईने पोती गडावर चढवली आणि उघडून पाहिली, तर धान्याऐवजी मीठ! असे परंपरेने सांगतात. कडा शाबूत राहिला, खंदक शाबूत राहिला आणि राजाला तह करावा लागला. दरवाजा कितीही भक्कम असो. आत आणलेले पोते आपणच उघडून पाहायचे असते. चिरंजिवांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी ती गंभीरपणे ऐकली आणि किल्ल्यात एक मिठाचे कोठार बांधले.

संध्याकाळी ह्यांच्याशी विषय काढला. मुलांच्या खेळासाठी दार उघडायचे, एवढेच मी म्हटले. ह्यांनी चष्मा पुसला. "मुलांचे ठीक आहे," हे म्हणाले. "पण आपण वायफाय दिले, हे पलीकडे कळले म्हणजे त्यांना उपकार वाटायचे. किंवा आपल्याला वाटायचे. दोन्ही वाईट." ह्यांचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. वाटणी झालेल्या घरांत उपकाराचा हिशेब फार बारीक ठेवला जातो. वाटीभर विरजणसुद्धा परत करताना काठोकाठ भरून करावे लागते. पलीकडून मनाई आली तर मुलाचे तोंड उतरणार, आणि मनाई आली नाही तर तो मुकेपणा कसा वाचायचा, हे मला ठरवता येईना. ज्या मुलाला मी मांडीवर घेऊन अक्षरे गिरवायला शिकवली, तो आता तेरा-चौदा वर्षांचा झाला होता आणि रस्त्यात भेटला तर 'काकू' म्हणून खाली पाहून जात असे. आणखी चार वर्षांनी खाली पाहण्याचीही गरज त्याला वाटणार नाही. मोठ्या माणसांचे अबोले मोठी माणसे कसेबसे सहन करतात. मुलांना ते वारशाने मिळतात, आणि वारशाने मिळालेली वस्तू माणूस सहसा टाकून देत नाही.

मी चिरंजिवांना विचारले, "दादाच्या लॅपटॉपवर आली होती का रे ती पेटी?"

"आली होती ना. म्हणून तर त्याला आपल्या खेळाचे नाव दिसते."

"मग ती कोणी उघडली?"

"मोठी आईने. परवलीचा शब्द तिच्याकडेच असतो."

जाऊबाईंनी! म्हणजे भिंतीपलीकडे, कोणत्या तरी दुपारी, तोच चौकोन त्यांच्याही पुढे उभा राहिला होता. जावा आत येऊ इच्छिते. आणि त्यांनी हो म्हटले होते. तो शब्द त्यांनी वाचला होता का? वाचून थांबल्या होत्या का? की मुलाने घाई केली म्हणून बोट टेकवले होते? एक कादंबरी लिहून झाली असती इतका वेळ मी त्या एका टिचकीचा विचार करीत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कामावर गेल्यावर चिरंजीव आणि मी कामाला लागलो. विद्यार्थ्याने सांगितलेले सगळे मी पाठीमागच्या पानावर लिहून घेतले होते. आधी जाळ्याची जात पाहिली. यंत्राने आमच्या घरच्या वायफायला 'सार्वजनिक' म्हणून नोंदले होते. म्हणजे विमानतळ, कॉफीची दुकाने यांच्या पंक्तीला. ते बदलून 'खासगी' केले. घराला घर म्हणायचे हे यंत्राला सांगावे लागते, ही एक नवी माहिती मिळाली. मग पहारेकऱ्याची वही उघडली. आत येणाऱ्यांची यादी इतकी लांब, की लग्नाची निमंत्रणे आठवावीत. खाली खाली जाता जावाची नावे सापडली. दोन तांबड्या खुणा. परवलीचा शब्द घातला, दोन्ही खोडल्या. यंत्राने विचारले, नक्की ना? नक्की, म्हटले.

मग नवा नियम लिहायचा होता. कोणते दार उघडायचे? या खेळाचा मोठा चौक मांडायचा असेल तर त्याचा ठरलेला क्रमांक २५५६५ आहे. पण घरातल्या घरात खेळताना यंत्र दर वेळी निराळेच दार निवडते. म्हणून दाराचे नाव न लिहिता पाहुण्याचे नाव लिहायचे: हा कार्यक्रम येईल, त्याला येऊ द्या, फक्त खासगी जाळ्यावर, बाहेरच्या जगासाठी नव्हे. हिरवी खूण उमटली. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. सासूबाई कडीवरून माणूस ओळखत, त्याच्या जवळपास यंत्र आता कुठे येते आहे!

चिरंजिवांनी भिंतीवर तीन थापा मारल्या. पलीकडून तीन थापा आल्या. ही परवल किती दिवसांपासून चालू होती, ते मी विचारले नाही. थोड्या वेळाने अर्ध्या खणलेल्या खंदकाच्या काठावर एक चौकोनी डोक्याचा लहानसा माणूस उगवला. त्याने इकडे तिकडे पाहिले, दोनदा उडी मारली. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरे उमटली: "काकू आहेत का?"

चिरंजिवांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

"काकू, आलो," अक्षरे म्हणाली. आणि तो खंदक खणू लागला.

सुटी संपली, शाळा सुरू झाल्या. किल्ला शनिवार-रविवारी वाढत राहिला. खंदक पूर्ण झाला, अंधारी झाली. अंधारीत शत्रूला चकवणारी खोटी वाट कुठे काढायची, यावरून दोन भावांचे कडाक्याचे भांडणही झाले आणि अर्ध्या तासात मिटले. हे एकदा पाठीशी येऊन उभे राहिले, पाहत राहिले, आणि "चाँदमिनार थोडा डावीकडे पाहिजे" एवढे बोलून गेले. पलीकडून कसली मनाई आली नाही. निरोपही आला नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी मी अंगणात रांगोळीचे डबे काढत होते. भिंतीला जिथे आडामुळे वळसा आहे, तिथे ती थोडी बुटकी आहे. पलीकडे रहाटाचा आवाज थांबला.

"अगं," जाऊबाई म्हणाल्या. तोंड दिसत नव्हते. "ते जावा का काय म्हणतात, ते तुझ्या मशिनवरपण विचारतं का गं?"

"विचारतं, जाऊबाई."

"मग तू काय दाबलंस?"

"हो म्हणून दाबलं."

पलीकडे थोडा वेळ नुसते पाणी ठिबकत होते.

"मी तर मे महिन्याच्या आधीच दाबलं होतं," त्या म्हणाल्या. मग बादली उचलल्याचा आवाज झाला. "उद्या फुलोऱ्याच्या करंज्या करायला मला माणूस नाही. तुला शाळा आहे का?"

उद्या शाळेला सुटी होती. तसे मी सांगितले.

दिवाळीची माती यंदा कोणत्या अंगणात पडायची, हे अजून ठरायचे आहे. चिरंजिवांचे म्हणणे, आमच्या. पुतण्याचे म्हणणे, आड त्यांच्याकडे आहे आणि मातीला पाणी लागते.